पडदा : कापडाचा आणि उंबरठ्याचा

मराठी माणसे एकत्र जमली की राजकारणावर बोलतात आणि डॉक्टर एकत्र जमले की रुग्णांवर. मराठी डॉक्टर एकत्र जमले म्हणजे दोन्ही विषय एकाच ताटात वाढले जातात. गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळींच्या गप्पांत ज्या विषयावर आवाज सर्वांत अधिक चढले, तो बुरख्याचा. एक पक्ष म्हणतो, ज्यांना या समाजात मिसळायचे आहे त्यांनी चेहरा उघडा ठेवावा, नपेक्षा कायद्याने तो उघडावा. दुसरा पक्ष म्हणतो, ज्याचा त्याचा धर्म, आपण त्यात कशाला पडा? दोन्ही पक्षांत माझे स्नेही आहेत आणि दोन्ही पक्षांशी माझे जमत नाही. मला बुरखा आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चेहरा झाकण्याची सक्ती, मग ती कोणत्याही धर्माची वा जातीची असो, स्त्रीला उणे लेखणारी आहे असे माझे मत आहे. आणि तरीही सरसकट बंदी हे मला चुकीचे औषध वाटते. ते का, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

पहिली अडचण निदानाची. ‘ताप’ हे निदान नव्हे, असे आपण निवासी डॉक्टरांना पहिल्या महिन्यातच बजावतो. या वादात मात्र तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाखाली घातल्या जातात. केस व मान झाकून चेहरा उघडा ठेवणारा हिजाब ही एक. डोळे तेवढे उघडे ठेवणारा नकाब ही दुसरी. आणि स्त्रीने परपुरुषासमोर येऊच नये, उंबरठा ओलांडूच नये, ही पडद्याची मूळ रीत, ही तिसरी. पहिल्या दोन कापडाच्या गोष्टी आहेत, तिसरी भिंतीची. आपल्याकडे भांडण बहुधा पहिलीवर होते, उदाहरणे दुसरीची दिली जातात, आणि खरे नुकसान तिसरीने होते.

अलीकडची प्रकरणे पाहिली म्हणजे हा गोंधळ ध्यानात येतो. डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटकात उडुपीच्या सरकारी कनिष्ठ महाविद्यालयात मुलींना हिजाब घालून वर्गात बसू दिले नाही. १५ मार्च २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ही मनाई वैध ठरवली. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरुद्ध निकाल दिले आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे गेले. नंतर तोच प्रश्न मुंबईत आला. चेंबूरच्या एन. जी. आचार्य आणि डी. के. मराठे महाविद्यालयाने २०२४ साली हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बिल्ले या सर्वांना एकाच नियमात मनाई केली. नऊ विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी त्यांची याचिका फेटाळली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी व बिल्ले यांवरील मनाईला अंतरिम स्थगिती दिली. टिळा किंवा टिकली लावणाऱ्या मुलींनाही अडवणार काय, असा प्रश्न न्यायमूर्तींनी महाविद्यालयाला विचारला. मात्र त्याच आदेशात, वर्गात चेहरा झाकणारा बुरखा चालणार नाही, असेही स्पष्ट केले. म्हणजे कापडाकापडांतला फरक न्यायालयाने केला. या आदेशातील विवेक मला पटतो. वर्गात शिक्षकाला विद्यार्थ्याचा चेहरा दिसला पाहिजे. केस दिसण्याची गरज कोणत्याही शिक्षकाला पडत नाही.

याच्या नेमके उलट डिसेंबर २०२५ मध्ये पाटण्यात घडले. आयुष डॉक्टरांना नेमणूकपत्रे देण्याच्या समारंभात मुख्यमंत्री नीतीशकुमार यांनी व्यासपीठावर आलेल्या एका महिला डॉक्टरच्या चेहऱ्यावरील नकाब स्वतःच्या हाताने खाली ओढला. ते चित्र देशाने पाहिले. आपल्यापैकी काहींनी त्यावर विनोदही केले. रुग्णाच्या पोटाला हात लावण्यापूर्वी विचारावे, हा आपल्या धंद्याचा पहिला धडा आहे. तो धडा व्यासपीठावर लागू होत नाही काय? आणि ज्या बाईने वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले, सरकारी नोकरी मिळवली आणि ती पत्करण्यासाठी चारचौघांत व्यासपीठावर आली, तिने समाजात मिसळण्यासाठी आणखी काय करावयाचे राहिले होते?

हे झाले दूरचे. आता आपल्या कतारगामाकडे वळतो, कारण पडदा हा केवळ मुसलमानांचा विषय आहे, हा समज कतारगामात दवाखाना चालवणाऱ्याने तरी बाळगू नये. आपले बहुतेक रुग्ण सौराष्ट्रातून आलेली पटेल कुटुंबे, हिऱ्याच्या कारखान्यातले रत्नकलाकार आणि त्यांची घरची माणसे. त्यांच्यातील जुन्या वळणाच्या घरांत सून अजूनही सासऱ्यापुढे ‘लाज काढते’, म्हणजे साडीचा पदर हनुवटीपर्यंत ओढते. आपण खानदेशी मंडळी हसण्याचे कारण नाही. आपल्या आयांनी व आज्यांनी वडीलधाऱ्यांसमोर डोईवरचा पदर कधी ढळू दिला नाही, आणि आपल्याच कित्येक घरांत तो कपाळाच्या बराच खाली येत असे. राहता राहिल्या शहरातल्या तरुण मुली. त्या दुचाकीवरून जाताना ओढणी चेहऱ्याभोवती अशी गुंडाळतात की सख्ख्या बापाला ओळख पटू नये. सुरतेच्या उन्हाचा आणि धुळीचा तो बंदोबस्त आहे, आणि ओळखीचे डोळे चुकवण्याचाही! त्या ओढणीवर कोणी परिसंवाद भरवल्याचे ऐकिवात नाही.

काही वर्षांपूर्वी एक तरुण सून सासू-सासऱ्यांबरोबर माझ्याकडे आली. सासू सांगत होती, डोळ्यातून पाणी येते, थेंब लिहून द्या. सून घुंगटात. मी सासऱ्यांना बाहेर बसायची विनंती केली, परिचारिकेला आत बोलावले, आणि मुलीलाच विचारले, ‘बहेन, तमने शुं थाय छे?’ तिने स्वतःच पदर वर केला. चेहऱ्याची उजवी बाजू ढिली पडली होती, डोळा मिटत नव्हता. चेहऱ्याच्या मज्जातंतूचा पक्षाघात. पहिल्या तीन दिवसांत स्टिरॉइड सुरू झाले तर बरे होण्याची शक्यता वाढते, हे वाचकांतील डॉक्टरांना सांगावयास नको. तो तिचा पाचवा दिवस होता. नवरा हिऱ्याच्या कामासाठी मुंबईला गेलेला. सासूने पाहिले होते, पण ‘वारा लागला असेल, जाईल’ म्हणून सोडून दिले होते. घरातील बाकी कोणाला त्या चेहऱ्याकडे पाहण्याची मुभाच नव्हती.

त्याच सुमारास तापीपलीकडून, रांदेरहून, एक नकाबधारी बाई यायची. मोपेडवरून, एकटी. केबिनचे दार लागले की मी काही म्हणण्यापूर्वीच नकाब वर करून बसायची, मधुमेहाच्या गोळ्यांची नावे मात्रेसह सांगायची, आणि ‘ही तपासणी खरोखर लागते का, की प्रयोगशाळेचे भले करायचे आहे?’ असे मला तोंडावर विचारायची. दोन रुग्णांवरून सिद्धांत मांडू नये, हे मला ठाऊक आहे. पण कापडाच्या लांबीवरून बाई किती मोकळी आहे हे ठरत नाही, एवढे सांगायला ही दोन उदाहरणे पुरेत.

या प्रश्नावर आपल्याला, म्हणजे सुरतेतल्या मराठी डॉक्टरांना, परक्यांकडून शिकायची गरज पडू नये. आपल्या धंद्यातील थोर पूर्वज याच गावात होऊन गेली. डॉ. रखमाबाईंचे नाव महाराष्ट्रात घेतले जाते ते बहुधा त्यांच्या खटल्यासाठी. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झाले. पुढे नवऱ्याकडे, दादाजी भिकाजींकडे, नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८७ साली न्यायालयाने ‘नवऱ्याचे घर किंवा सहा महिने तुरुंग’ असा पर्याय दिला तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ साली तडजोड झाली. त्या विलायतेत गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, आणि १८९५ साली सुरतेला स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून आल्या. पुढची वीसहून अधिक वर्षे त्यांनी या गावात काढली. नंतर राजकोटला गेल्या. आनंदीबाई जोशींना पदवीनंतर रुग्णसेवेची संधी मिळालीच नाही. ती रखमाबाईंना मिळाली आणि तिचा मोठा भाग सुरतेच्या वाट्याला आला. आपल्या वार्षिक समारंभात आपण त्यांचे नाव किती वेळा घेतो, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवतो.

या रखमाबाईंनी १९२९ साली पडदा नाहीसा करण्याची गरज सांगणारी एक इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यात त्यांचा रोख तरुण विधवांवर होता : या मुलींना समाजाच्या कामात भाग घेण्याची संधीच नाकारली जाते, ही त्यांची तक्रार. चेहरा झाकणे कुरूप दिसते म्हणून नव्हे, तर कामाची माणसे घरात कोंडली जातात म्हणून पडदा जावा, असे त्यांचे म्हणणे होते. स्त्रियांच्या रुग्णालयांत आयुष्य घालवलेल्या डॉक्टरचे हे निदान आहे, आणि ते मला आजही बिनचूक वाटते.

रखमाबाईंच्या चरित्रातली दुसरी एक गोष्ट मला याहूनही अधिक विचार करावयास लावते. १९०४ साली दादाजी वारले. ज्या नवऱ्याकडे जाण्यापेक्षा तुरुंग बरा असे ज्यांनी म्हटले होते, त्या रखमाबाईंनी त्यानंतर विधवेची पांढरी साडी परिधान केली. का केली, यावर पुष्कळ तर्क करता येतील. त्या पांढऱ्या साडीतच त्यांनी पुढे सुरतेची रुग्णसेवा केली. समजा, त्या काळी कोणी पुढारलेल्या गृहस्थाने नियम केला असता की वैधव्याची वस्त्रे ही स्त्रीच्या गुलामगिरीची खूण असल्यामुळे ती नेसणाऱ्या बाईला सरकारी रुग्णालयात प्रवेश नाही. नियम तत्त्वतः सुधारकी ठरला असता. त्याने सुरतेच्या बायकांची डॉक्टर मात्र गेली असती.

वैद्यकीय पुरावाही याच दिशेचा आहे. श्रीनगरच्या स्त्री-रुग्णालयात काम केलेल्या डॉ. कॅथलीन वॉन यांनी १९२८ साली पडदापद्धतीचा मातृत्वावर होणारा परिणाम या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. पडद्यातल्या बायकांना उन्हाअभावी ऑस्टिओमलेशिया होतो, कटिराची हाडे वाकतात, प्रसूती अडते; त्याच प्रदेशात नावांवर राहणाऱ्या, उन्हात राबणाऱ्या बायकांची बाळंतपणे सहज होतात, असे त्यांचे निरीक्षण होते. दोन्हीकडच्या बायका त्याच काश्मीरच्या. फरक आकाशाखाली असण्याचा. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९४० च्या दशकात पाकिस्तानविषयक ग्रंथात पडद्यामुळे स्त्रियांच्या प्रकृतीवर होणाऱ्या दुष्परिणामांचा उल्लेख केला आहे. (‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव आता बुरखा न घालणाऱ्यांतही सर्रास आढळते, आमचे रत्नकलाकार दिवसभर बंद खोलीत दिव्याखाली बसतात, त्यांचे अहवाल काही वेगळे येत नाहीत.) यावरून प्रश्न असा येतो : बंदी घातल्यावर ती बाई उघड्या चेहऱ्याने बाहेर येणार आहे, की बाहेर यायचीच थांबणार आहे? पहिली शक्यता असेल तर बंदीने औषधाचे काम केले. दुसरी असेल तर आपणच तिला भिंतीआड परत पाठवले. चेंबूरच्या किंवा उडुपीच्या एखाद्या मुलीचे एक वर्ष बुडाले, तर त्या वर्षाची भरपाई कोणत्या निकालाने होते?

युरोपचा अनुभव आपल्याकडे वारंवार सांगितला जातो. फ्रान्सने २०१० साली सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास बंदी करणारा कायदा केला. तो एप्रिल २०११ पासून अमलात आला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १ जुलै २०१४ रोजी ‘एकत्र जगणे’ या तत्त्वावर तो मान्य केला. बेल्जियम, डेन्मार्क, स्वित्झर्लंड त्याच वाटेने गेले. २०२० च्या मे महिन्यात मात्र त्याच फ्रान्समध्ये आगगाडीत व बसमध्ये मास्क सक्तीचा झाला आणि लाखो लोक चेहरा झाकून एकत्र जगले. महामारीचे कारण निराळे होते, हे कबूल. पण चेहरा झाकला की माणसामाणसांतले नाते संपते, हा युक्तिवाद त्या दिवसापासून लंगडा झाला. आपण शस्त्रक्रियागृहात वर्षानुवर्षे नुसत्या डोळ्यांवरून एकमेकांचे मूड ओळखत आलोच आहोत.

मला अधिक बोलके वाटते ते ब्लॅकबर्नचे उदाहरण. तेथील भारतीय मुस्लिम वस्तीत सुरत आणि भरूच जिल्ह्यांतून गेलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, म्हणजे एका अर्थाने ती आपल्याच मुलखातली माणसे. ऑक्टोबर २००६ मध्ये तेथील खासदार जॅक स्ट्रॉ यांनी लिहिले की भेटीला येणाऱ्या नकाबधारी स्त्रीला आपण नकाब बाजूला करण्याची विनंती करतो, आणि त्या वेळी खोलीत एखादी स्त्री सहकारी असेल याची काळजी घेतो. त्यावर तेव्हा मोठे काहूर उठले. सत्तेवरच्या माणसाची विनंती पूर्णपणे विनंती राहत नाही, हा आक्षेप रास्तच होता. पण समोरासमोर बोलण्यासाठी विनंती, तीही बंद दाराआड आणि बाईमाणसाच्या उपस्थितीत, ही रीत आपण दवाखान्यात रोज पाळतो. ती आणि पाटण्याच्या व्यासपीठावरचा हात यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

येथे दुसऱ्या पक्षाचाही हिशेब केला पाहिजे. ‘ती तिची निवड आहे’ हे वाक्य फार सैलपणे वापरले जाते. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलीच्या अंगावर बुरखा चढतो आणि त्याच वर्षी तिची शाळा सुटते, तेव्हा निवड कोणाची होती? इराणमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीला हिजाब नीट घातला नाही म्हणून पकडले आणि कोठडीतून ती जिवंत परतली नाही. अफगाणिस्तानात तालिबानने मे २०२२ मध्ये चेहरा झाकण्याचा हुकूम काढला आणि डिसेंबर २०२४ मध्ये स्त्रियांचे परिचारिका व सुईणीचे शिक्षणही थांबवले. आधी कापड, मग भिंत; हा क्रम विसरता येत नाही. महाराष्ट्रात हमीद दलवाईंनी हे ओळखले होते. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्या सातजणींनी कोणाच्या हुकुमाने काही काढून टाकले नव्हते. त्या तोंडी तलाकविरुद्ध बोलायला रस्त्यावर आल्या होत्या. घरातून उठणारा असा आवाज बाहेरच्या दंडुक्याने बळकट होत नाही. उलट, बाहेरून हल्ला झाला की आतले सुधारक प्रथम गप्प बसवले जातात. आपल्याकडे लाज काढण्याची रीत ओसरत चालली आहे, ती मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, स्वतंत्र संसार झाले म्हणून. तिच्याविरुद्ध कोणी कायदा केला नव्हता.

‘मिसळणे’ या शब्दाबद्दलही थोडे. मिसळण्यासाठी आधी शेजारी असावे लागते. गुजरातमध्ये १९९१ चा ‘अशांत धारा’ आहे. सुरतेच्या काही भागांतही तो लागू आहे. त्या भागांत घर विकायचे तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. हेतू दंगलीच्या भीतीने होणारी पडेल भावाची विक्री रोखण्याचा. परिणाम असा की हिंदू-मुसलमान एका जिन्याने चढउतार करण्याचे प्रसंगच उरले नाहीत. कायदा नसेल तेथे सोसायटीचे अलिखित नियम ते काम करतात. माझ्या पिढीच्या मुलांना वर्गात मुसलमान बाकसोबती होता. आमच्या नातवंडांना बहुधा नाही. ज्या बाईला आपण घर देत नाही, जिच्या मुलाबरोबर आपला मुलगा खेळत नाही, तिने आपल्यात मिसळावे म्हणून चेहरा उघडावा ही अपेक्षा मला चमत्कारिक वाटते. उघडा चेहरा ती दाखवणार कोणाला?

परके ठरवले जाणे काय असते, ते सुरतेच्या मराठी माणसाला वेगळे सांगावयास नको. शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांवरून गुजराती स्नेही आजही आपली चेष्टा करतात. ती प्रेमाची असते. पण सप्टेंबर १९९४ मध्ये कतारगामला लागून असलेल्या वेड रोड भागातून फुप्फुसांच्या प्लेगची बातमी पसरली, तेव्हा चेष्टा उरली नव्हती. बीड जिल्ह्यातल्या मामल्याची साथ आणि सुरतेची साथ लोकांनी आपल्या मनाने जोडून टाकली आणि बाहेरून आलेल्या कामगारांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसे झाले, लाखो लोक गाव सोडून गेले, त्यांत आपले काही व्यवसायबंधूही होते. जे राहिले त्यांचे चेहरे रुमालांनी झाकलेले होते, हिंदूंचे, मुसलमानांचे, सर्वांचे. कोणाचे झाकलेले तोंड कोणत्या धर्माचे, हे पाहण्याची त्या आठवड्यांत कोणाला सवड नव्हती.

आता आपल्या हातात असलेल्या गोष्टी. चेहरा कोठे लागतो याची यादी फार लांब नाही : ओळखपत्र तपासताना, परीक्षेला, वर्गात, बँकेत, भूल देताना, आणि आपल्या तपासणीच्या टेबलावर. तेथे तो मागावा, कारण सांगून मागावा, आडोसा देऊन मागावा. फिकटपणा, कावीळ, सूज, वांग, आणि कानशिलावरचा हिरवा-निळा डागही, ज्याबद्दल विचारण्याचे धैर्य आपल्यापैकी फार थोडे दाखवतात, हे सर्व चेहऱ्यावरच दिसते. नकाब असो वा घुंगट, प्रश्न रुग्णालाच विचारावा. उत्तर सासूने किंवा नवऱ्याने दिले तर पुन्हा रुग्णालाच विचारावा. यापलीकडे, रस्त्यावर, बसमध्ये, बाजारात, तिने काय ल्यावे याची उठाठेव सरकारने करू नये आणि आपणही करू नये. तिच्यावर घरचे बळजबरी करत असतील तर मात्र तिच्या बाजूने उभे राहावे, आणि ते करण्याची खरी संधी डॉक्टरला जितकी मिळते तितकी कोणाला मिळत नाही.

मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपले स्त्री-आरोग्य शिबिर दर वर्षी कतारगामातच होते आणि येणारे चेहरे ओळखीचेच असतात. पुढचे शिबिर लिंबायतला घ्यावे. तेथे खानदेशी मराठी कुटुंबे आणि मुस्लिम कुटुंबे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर राहतात. दोन स्त्री-डॉक्टर, दोन परिचारिका, हिमोग्लोबिन व साखर तपासण्याचे साहित्य, टेबलाभोवती लावायला चार पडदे, आणि बाहेर सासवा व नवरेमंडळींसाठी खुर्च्या आणि भरपूर चहा, एवढी सामग्री पुरेल. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत. चहाचा खर्च माझ्याकडे.